काणकोणात पसरलेली कैगाची अफवा, आणि खरंच काही झालं तर?

तळपण
शनिवारी रात्री साडेदहाला आईचा फोन आला. मी पर्वरीला, ती काणकोणात घरी एकटी. शेजारच्या मुलाने तिला मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखवला होता. कैगाच्या अणुवीज केंद्रात गळती झालीय, दारं-खिडक्या लावून घ्या, बावीचं पाणी पिऊ नका, सगळ्यांना पुढे पाठवा. आमच्या वाड्यावरची दोन कुटुंबं मुलांना गाडीत घालून रात्रीच मडगावला निघाली. एकीचं मूल तीन महिन्यांचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की कैगात तसलं काहीच झालेलं नव्हतं. निरोप कोणी तयार केला ते कोणाला माहीत नाही.

अफवा विरली, पण मला रात्रभर झोप नव्हती आणि त्याचं कारण वेगळं आहे. आई विचारत होती, "गो, हांव भायर सरूं काय घरांतूच रावूं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विज्ञान शाखेची पदवीधर. चेर्नोबिल, फुकुशिमा ही अणुअपघातांची नावं कितीदा ऐकलेली. तरी सत्तरी ओलांडलेल्या आईला आत थांब म्हणू की गाडीत बस म्हणू, हे मला ठरवता आलं नाही. कारवारच्या बाजूला असलेल्या त्या केंद्रापासून आमचं घर सरळ रेषेत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर असेल.

इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते. भीती किती खरी आहे? आणि ती रात्र खरीच आली तर काय करायचं? घाबरून निघालेल्यांना कृपा करून नावं ठेवू नका. तान्हं मूल मांडीवर असतं तर मीही निघाले असते.

म्हापशेकर
ताई, आईंना आधी सांगा की निश्चिंत राहा. अणुऊर्जेइतकी अकारण बदनाम झालेली दुसरी गोष्ट नाही. फुकुशिमात किरणोत्सर्गाने किती माणसं गेली? जपान सरकारने अधिकृतपणे मान्य केलेला मृत्यू एक. त्सुनामीने गेलेली माणसं अठरा हजारांच्या आसपास. कोळशाच्या धुराने दरवर्षी जगभर जे मरतात त्यांची बातमी होत नाही, कारण ते हळूहळू मरतात. आपली गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते. ती बरीचशी कुठेतरी कोळसा जाळूनच येते ना? मुरगावच्या लोकांना विचारा कोळशाची पूड काय असते ते.

भीती अज्ञानातून येते. शाळेत नीट शिकवलं तर असे निरोप पसरणारच नाहीत.

कद्राची_लेक
म्हापशेकर, आकडे बरोबर असतील, पण शेवटचं वाक्य मला लागलं.

माझं माहेर काळी नदीकाठचं. कद्रा धरण आणि मग कैगा, दोन्ही आमच्या डोळ्यांसमोर झालं. १९९४ च्या मे महिन्यात पहिल्या अणुभट्टीच्या घुमटाचं काँक्रीट आतल्या बाजूने कोसळलं. भट्टी चालू व्हायची होती, इंधन नव्हतं, म्हणून किरणोत्सर्गाचा प्रश्न आला नाही. पण ज्या घुमटाने अपघातात सगळं आत धरून ठेवायचं, तोच बांधताना पडला. हे ज्यांनी ऐकलं त्यांना तुम्ही अज्ञानी म्हणणार का?

पुढे २००९ चा नोव्हेंबर. केंद्राच्या आतल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं भट्टीतलं जड पाणी कोणीतरी मिसळलं. पन्नासच्या आसपास कामगारांच्या लघवीच्या तपासणीत ते सापडलं. बाहेरच्यांना कळायला काही दिवस गेले. कोणी दगावलं नाही. कारवारच्या बाजारात त्या आठवड्यात लोक एकच विचारत होते, आम्हाला उशिरा का सांगितलं?

आमची भीती तिथून आली आहे. शाळेत अणूचा धडा मी शिकले आणि आता शिकवतेही.

म्हापशेकर
ताई, "अज्ञान" हा शब्द मागे घेतो. १९९४ चं मला माहीत होतं, पण तुमच्या बाजूने कधी विचार केला नव्हता.

निवृत्त_फोंडा
मी अणुवीज केंद्रात बावीस वर्षं नोकरी केली, कैगात नाही, दुसरीकडे. जे सांगतो ते ना घाबरवायला ना समजूत काढायला. तळपण, तुम्ही विज्ञान शिकलात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अणुभट्टी बॉम्बसारखी फुटत नाही. तिची खरी अडचण ही की ती बंद केली तरी थंड होत नाही. पोदेर भट्टीतला विस्तव ओढून काढतो आणि त्याच धगीवर पुढे पाव भाजतो, ते आपण पाहिलेलं आहे. फरक इतकाच की पोदेराच्या भट्टीत साठलेली उष्णता असते, इथे इंधनातले किरणोत्सर्गी अंश नवी उष्णता तयार करत राहतात. साखळी क्रिया थांबवली त्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. एका दिवसानंतरही अर्धा टक्का उरते. कैगाच्या २२० मेगावॉटच्या एका भट्टीत उष्णता त्याच्या तिपटीहून जास्त बनते, त्याचे सहा टक्के काढून बघा. एवढी उष्णता पाण्याने वाहून न्यावीच लागते, आणि पाणी फिरवायला वीज लागते. वीज बनवणाऱ्या केंद्राला संकटात बाहेरून वीज हवी असते, हे लोकांना विचित्र वाटतं, पण सगळं याच एका गोष्टीवर येऊन थांबतं.

फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद पडल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रं सुरू झाली. मग पाऊण-एक तासाने चौदा-पंधरा मीटरची लाट आली. केंद्राची तयारी होती ५.७ मीटरची. बरीचशी जनित्रं आणि विजेचे फलक तळघरांत, सगळं पाण्याखाली. पाणी फिरायचं थांबलं, इंधन वितळलं, त्याच्या आवरणाच्या धातूची वाफेशी क्रिया होऊन हायड्रोजन झाला आणि इमारतींची छपरं उडाली. आता हे बघा: ओनागावा नावाचं दुसरं केंद्र भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ होतं. ते उंचावर बांधलेलं, म्हणून वाचलं. उलट गावातली घरं वाहून गेलेली माणसं त्या अणुकेंद्रातच आसऱ्याला राहिली. त्याच किनाऱ्यावर, त्याच दिवशी.

चेर्नोबिल वेगळं. २६ एप्रिल १९८६, रात्री १ वाजून २३ मिनिटं. एक चाचणी करायची म्हणून सुरक्षेच्या यंत्रणा बाजूला ठेवलेल्या, भट्टी फार कमी शक्तीवर, अस्थिर. त्या रचनेत पाण्याची वाफ झाली की क्रिया मंदावायच्या ऐवजी वाढायची. थांबवायला कांड्या आत घातल्या तर त्यांच्या टोकांना ग्रॅफाइट, म्हणजे पहिल्या काही क्षणांत ब्रेक दाबल्यावर गाडीने वेग घ्यावा तसं. आणि वर आपल्याकडे असतो तसा भक्कम घुमट नव्हता.

आपल्याकडे असं होऊच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुकेंद्राचं किती जणांना आठवतं? ३१ मार्च १९९३, पहाट. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आगीत केबली जळाल्या. मुख्य आणि पर्यायी केबली एकाच मार्गाने नेलेल्या होत्या, म्हणून दोन्ही गेल्या. सुमारे सतरा तास केंद्रात वीज नव्हती. अंधारात, धुरात, हातात बॅटऱ्या घेऊन माणसं इमारतीच्या वरच्या मजल्यावर चढली आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून बोरॉनच्या द्रावणाचे व्हॉल्व्ह हाताने उघडले. आग विझवायच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांना, म्हणजे भट्टीची उष्णता घेऊन वाफ बनवणाऱ्या भांड्यांना, पाणी दिलं. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. त्या पात्यांच्या रचनेत दोष आहे हे मूळ आराखडा देणाऱ्या परदेशी कंपनीने आधीच कळवलेलं होतं.

ती माणसं माझ्या पिढीची. त्यांचा मला फार अभिमान आहे. आणि त्यांच्यावर ती वेळ यायला नको होती, याचा रागही आहे.

तळपण
काका, मनापासून आभार. आता सरळ विचारते. कैगात होऊ शकतं का?

निवृत्त_फोंडा
शक्यता फार कमी आहे. शून्य म्हणालो तर ते खोटं होईल.

जमेच्या बाजू सांगतो. कैगाची भट्टी जड पाण्याची. तिला बंद करायच्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. घुमट दुहेरी. वीज गेली तरी काही काळ गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली या साध्या नियमाने उष्णता बाष्पजनित्रांपर्यंत जात राहते, तिथे बाहेरून पाणी पोचवलं की वेळ मिळतो. नरोरात तेच झालं. फुकुशिमानंतर बाहेरून पाणी जोडायच्या जागा सगळ्या केंद्रांत वाढवल्या गेल्या. कैगा समुद्रकाठी नाही, त्यामुळे त्सुनामीचा प्रश्न नाही. तिथे बघायचं ते धरणाचं पाणी आणि पावसातल्या दरडी.

वजाबाकीची बाजू. पाण्याची वाफ झाली की क्रिया थोडी वाढते हा गुण आमच्या जड पाण्याच्या भट्टीतही आहे. चेर्नोबिलपेक्षा पुष्कळ संथ, म्हणून दोन यंत्रणा तिला वेळेत धरतात. तरी तो आहे, लपवायचं कारण नाही. आणि देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं ते सरकारी आदेशाने, ज्या अणुऊर्जा आयोगाच्या खात्यावर नजर ठेवायची त्याच्याच छत्राखाली. महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात यावर कडक शब्दांत लिहिलं होतं. नियामक पूर्ण स्वतंत्र हवा, हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो.

राजापूरचा_आता_पेडण्यात
थोडं विषयांतर, पण आमच्याकडच्या जैतापूर अणुप्रकल्पाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. माडबनच्या सड्यावर सहा मोठ्या भट्ट्यांचा बेत आहे, आधी १६५० मेगावॉटच्या म्हणत, आता १७३० च्या. २०११ च्या एप्रिलमध्ये साखरी नाटे गावात विरोध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला, एक माणूस गेला. लोकांच्या मनात किरणोत्सर्ग होताच, त्याच्या जोडीला आंब्याची कलमं, मासेमारीची खाडी, गरम पाणी समुद्रात सोडल्यावर नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं, काय होणार, हे सगळं होतं. दर वेळी उत्तर मिळे की अपघात होणार नाही. आम्ही विचारत होतो रोजच्या जगण्याचं.

डॉक्टर_मडगाव
रविवारी सकाळी माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. जखमेला लावायचं आयोडीन पाण्यात घालून घरातल्या सगळ्यांना द्यायचा त्यांचा विचार होता. वेळेवर विचारलं म्हणून बरं. ते पोटात घ्यायचं औषध नाही. कृपया कोणीही पिऊ नका, मुलांना देऊ नका.

आयोडीनच्या गोळीमागचं कारण समजून घ्या. अपघातात जे बाहेर पडतं त्यात किरणोत्सर्गी आयोडीन असतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, हे चांगलं ते वाईट असा भेद ती करत नाही. आधीच साध्या आयोडीनने ती भरून टाकली तर किरणोत्सर्गी आयोडीनला जागा उरत नाही. त्यासाठी पोटॅशियम आयोडाइडची गोळी, मोठ्या माणसाला १३० मिलिग्रॅम, दूषित हवा यायच्या थोडी आधी किंवा नंतरच्या काही तासांत. उशीर झाला की उपयोग नाही. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थांपासून ती वाचवत नाही. सगळ्यात जास्त गरज लहान मुलांना आणि गरोदर बायकांना. चाळिशीनंतर फायदा कमी आणि त्रासाची शक्यता जास्त, म्हणून तळपणच्या आईंना ती बहुधा द्यावी लागणारही नाही. प्रशासनाने सांगितल्याशिवाय कोणीच घ्यायची नाही.

मीठ खाऊन हे होत नाही. फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं आयोडीनयुक्त मीठ संपवलं होतं. हिशेब करा: आपल्या मिठात किलोमागे पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. एका गोळीतल्या आयोडीनसाठी सहा किलोच्या वर मीठ खावं लागेल.

आता दुधाचं, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात महत्त्वाचं. चेर्नोबिलच्या आसपास जे तेव्हा लहान होते, त्यांच्यात २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या सहा हजारांहून जास्त केसेस नोंदल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच दुधातून आल्या. आयोडीन गवतावर पडलं, गाईने खाल्लं, दुधात उतरलं, मुलांनी प्यायलं. या आयोडीनचं प्रमाण आठ दिवसांत निम्मं होतं. काही आठवडे ताजं दूध बंद ठेवून डब्यातली भुकटी दिली असती तर यातली कित्येक मुलं आजारी पडलीच नसती. चेर्नोबिल केंद्राशेजारच्या प्रिप्यात गावाला २७ एप्रिलच्या दुपारी हलवलं, तोवर दीड दिवस लोक बाहेर फिरत होते. १ मे ला कीव्हमध्ये संचलन झालं, मुलांसकट. शेजारच्या पोलंडने मात्र काही दिवसांच्या आत एक कोटीहून जास्त मुलांना आयोडीन पाजलं आणि दुधावर बंधनं घातली.

बहुतेक कर्करोग बरे झाले हे खरं. पण गळ्यावर व्रण घेऊन जन्मभर गोळ्या खाणारं मूल तुमचं असेल तर "बरा झाला" या शब्दाने समाधान होत नाही.

सडा_आणि_वारा
भूगोल शिकवतो, म्हणून अंतराबद्दल.

आपल्याकडे केंद्राबाहेरच्या आणीबाणीचं नियोजन सोळा किलोमीटरच्या वर्तुळात करायची पद्धत. काणकोण त्याच्या बरंच बाहेर, शिवाय दुसऱ्या राज्यात. त्यामुळे आपल्या गावांत कधी सराव नाही, माहितीपत्रक नाही.

आता फुकुशिमात काय झालं ते नकाशावर बघा. तिथेही वर्तुळं आखली, आधी तीन किलोमीटर, मग दहा, मग वीस. पहिले दिवस वारा बराचसा समुद्राकडे होता. १५ मार्चला तो वायव्येकडे फिरला आणि त्यातच पाऊस-बर्फ पडला. जे हवेत होतं ते जमिनीवर आलं. इताते नावाचं डोंगरातलं गाव केंद्रापासून चाळीसेक किलोमीटरवर, म्हणजे तळपणच्या आईंच्या घराइतक्याच अंतरावर. ते वर्तुळाबाहेर होतं, म्हणून किनाऱ्याकडून पळून आलेल्यांना त्या गावाने जेवण दिलं, आसरा दिला. त्यांना गाव सोडायला सांगितलं ते एप्रिलमध्ये. नामिए गावची माणसं तर वायव्येकडेच सरकली, जिकडे ढग गेला तिकडेच. वाऱ्याचा अंदाज सरकारी संगणकात तयार होता, तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे कैगावरून जे निघेल ते घाटाकडे, यल्लापूरच्या अंगाला. थंडीत रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे. काणकोण कैगाच्या पश्चिमेला थोडं उत्तरेकडे झुकलेलं, त्यामुळे डिसेंबरची पहाट आणि जूनची दुपार यांचं उत्तर एक असू शकत नाही. वर्तुळाने हे कळत नाही. त्या रात्री वारा कुठला आहे हे कोणीतरी सांगावं लागतं.

सुलभा_वास्को
मी चिखलीची. २०१८ च्या जानेवारीत पहाटे आमच्याकडे अमोनियाचा टँकर उलटला. झोपेतून उठलो ते डोळे चुरचुरत, छातीत धरल्यासारखं. दारावर थापा आणि "भायर सरा". कुठल्या दिशेला, ते सांगणारं कोणी नाही. सासऱ्यांना खुर्चीसकट उचलून नेलं. आम्ही ज्या रस्त्याने निघालो त्याच रस्त्यावर वास वाढत गेला, मग परत फिरलो.

अमोनिया निदान नाकाला कळतो. किरणोत्सर्गाला वास नाही, रंग नाही. त्यामुळे सांगणाऱ्यावरच सगळी भिस्त.

म्हापशेकर
इतातेचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

सुलभाताईंच्या सासऱ्यांवरून एक सांगतो, कारण तळपणच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. फुकुशिमाचा किरणोत्सर्गाने एक मृत्यू मी लिहिला. पण त्या प्रांतात स्थलांतर, छावण्यांतले हाल, औषधं तुटणं यांनी पुढच्या वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारी. केंद्राजवळच्या एका रुग्णालयातले अंथरुणावरचे रुग्ण बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवले, त्यात चाळीसच्या आसपास दगावले. त्यांना काही दिवस दारं लावून आत ठेवलं असतं तर त्यांतले पुष्कळ जगले असते, असं नंतरच्या अभ्यासकांनी लिहिलं आहे.

म्हणजे भीतीही मारते. पण ज्यांना पळवलं त्यांना दोष कसा देणार? त्यांना नीट सांगणारं कोणी नव्हतं.

निवृत्त_फोंडा
तळपण, तुमच्या आईंसाठी लिहून देतो, फ्रिजला लावून ठेवा. पहिलं म्हणजे घरात थांबायचं. दारं-खिडक्या बंद, पंखा चालला तर हरकत नाही, बाहेरची हवा ओढणारं काही नको. जांभ्याच्या जाड भिंतींचं जुनं घर असेल तर उत्तम, मधल्या खोलीत बसा. बाहेरून कोणी आलं तर वरचे कपडे दाराबाहेर, हातपाय-केस धुवून आत. झाकून ठेवलेलं पाणी आणि घरातलं बंद डब्यातलं खाणं चालतं. ताजं दूध आणि परसातली पालेभाजी सांगेपर्यंत बंद. रेडिओ आणि सुटे सेल. प्रशासन निघा म्हणालं तरच निघायचं आणि ते सांगतील त्याच दिशेला. मोबाईलवर आलेल्या निरोपाखाली खात्याचं नाव, वेळ आणि फोन करायला क्रमांक नसेल तर तो पुढे पाठवायचा नाही.

बावीबद्दल: एका रात्रीत झाकलेल्या बावीचं पाणी बिघडत नाही. उघडी असेल तर झाकण करून घ्या, ते पावसाळ्यातही कामाला येईल.

कद्राची_लेक
काका, हा कागद मी कन्नड आणि कोकणीत करून माहेरी पाठवते. चालेल ना?

निवृत्त_फोंडा
जरूर पाठवा. फक्त डॉक्टरांचा आयोडीनचा परिच्छेद त्याला जोडा, तो सुटता कामा नये.

तळपण
काल रविवार, ग्रामसभा होती. हा धागा छापून घेऊन गेले. अर्जात तीन गोष्टी लिहिल्या: कैगात काही घडलं तर गोव्याच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाला कोण आणि किती वेळात कळवतं, लहान मुलांसाठी आयोडीनच्या गोळ्या काणकोणच्या आरोग्य केंद्रात ठेवता येतील का, आणि वर्षातून एकदा शाळेत सराव घेता येईल का. आधी थोडी कुजबुज झाली, उगाच घाबरवू नका म्हणून. मग ते तीन महिन्यांचं बाळ असलेली मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, त्या रात्री मडगावला पोचल्यावर आम्ही बसस्टँडवर बसून होतो, पुढे कुठे जायचं तेच माहीत नव्हतं. त्यानंतर कोणी बोललं नाही. ठराव लिहून घेतला, जिल्ह्याला जाणार आहे. उत्तर आलं की इथे टाकते.

आईने कागद फ्रिजला लावला नाही, देवघराच्या दारावर लावला. तिथे तिची नजर रोज जाते म्हणे. दुधाची ओळ तिने लाल पेनाने अधोरेखित केली आहे, आणि सकाळी दूधवाल्यालाही वाचून दाखवली.